समाजशास्त्र विभागात एक सहायक प्राध्यापक नेमायचा आहे: जाहिरातीपासून रुजू होईपर्यंत कुठे अडतं?

कऱ्हाकाठ
राज्य विद्यापीठातला समाजशास्त्र विभाग. सहायक प्राध्यापकाचं एकच पद, कायमस्वरूपी. पदाला मंजुरी आहे, बिंदुनामावली (आरक्षणाचा क्रमतक्ता) मागासवर्ग कक्षाकडून तपासून आलेली आहे. आता विभागाने जाहिरातीसाठी मजकूर द्यायचा आहे. प्रश्न चार. विशेषीकरण लिहावं का? पीएच.डी. आवश्यक लिहावी की इष्ट? छाननीच्या गुणांत वाद कुठे होतात? आणि मुलाखतीत माणसाला समाजशास्त्र येतं की नाही, हे पंधरा-वीस मिनिटांत कसं कळणार? कायद्याचे दाखले चालतील, पण प्रत्यक्षात कागद कसा लिहायचा ते सांगितलंत तर जास्त उपयोग.

फाईलबंद
चारही प्रश्न नंतरचे आहेत. त्याआधीचा कागद म्हणजे कार्यभार, विभागातल्या तासांचा हिशेब. विशेषीकरण त्यातून निघतं, विभागप्रमुखांच्या आवडीतून नाही.

२०१८ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे, सहयोगी आणि प्राध्यापकाला १४. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एम.ए. चं प्रत्येक सत्र २२ श्रेयांकांचं. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास, म्हणजे साधारण आठवड्याला एक तास. विषम सत्रात पहिलं आणि तिसरं सत्र एकत्र चालतं: पहिल्यात २२ लेखी (त्यातले ४ संशोधनपद्धतीचे), तिसऱ्यात १८ लेखी आणि ४ संशोधन प्रकल्पाचे. म्हणजे ४० तास. ऐच्छिक विषय दोन्ही सत्रांत दोन-दोन चालवत असाल तर आणखी ८. झाले ४८. विभागात आज एक प्राध्यापक आणि एक सहायक असतील तर त्यांचे ३० तास. उरले १८, शिवाय प्रकल्पांचं मार्गदर्शन. पद या १८ तासांसाठी आहे. ते कोणत्या विषयांचे, हे वेळापत्रकातून उतरवून काढा आणि मगच जाहिरातीच्या वाक्याला हात घाला.

पायवाट
फाईलबंदांशी सहमत. त्या १८ तासांत काय असतं ते बहुतेक विभागांत सारखंच निघेल: संशोधनपद्धती आणि त्यातही संख्याशास्त्राचा भाग. सिद्धांत, जात, ग्रामीण समाज, लिंगभाव शिकवायला उत्साही माणसं मिळतात. नमुना निवड आणि काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींचा संबंध आकड्यांनी तपासणारी) मात्र दरवर्षी तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासागणिक मानधन घेणाऱ्या, माणसाच्या गळ्यात पडते.

विशेषीकरण लिहायचं तर ‘इष्ट’मध्ये आणि रुंद लिहायचं. ‘संशोधनपद्धती, विशेषतः परिमाणात्मक’ हे ठीक. ‘पश्चिम महाराष्ट्रातील सहकार चळवळीच्या समाजशास्त्रातील पीएच.डी.’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला उमेदवाराचं नाव छापल्यासारखं वाटतं, आणि हरकत आली की उत्तर देता येत नाही. शिवाय माणूस वीस-पंचवीस वर्षं राहणार. आजच्या अभ्यासक्रमातल्या एका पेपरच्या मापाने त्याला बेतू नका.

तासिका_तत्त्व
एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलेले आणि नेट (अध्यापनाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) समाजशास्त्रात असलेले बरेच असतात. मानवशास्त्रात एम.ए. असलेलेही. ते चालतात का? विनियमांत ‘संबंधित किंवा संलग्न विषय’ असं काहीतरी आहे ना?

फाईलबंद
आहे, आणि सगळं भांडण त्या ‘संलग्न’वर होतं. नेटमध्ये समाजशास्त्र, मानवशास्त्र आणि समाजकार्य हे तीन वेगळे विषय आहेत, तिन्हींचे संकेतांक वेगळे. कोणता विषय संलग्न धरायचा हे छाननीच्या टेबलावर ठरवलंत तर तुम्ही उमेदवार बघून नियम केला असा अर्थ निघतो. अभ्यास मंडळाकडून आधी ठराव घ्या आणि तो जाहिरातीत शब्दशः उतरवा. ‘समाजशास्त्र किंवा सामाजिक मानवशास्त्र’ हवं असेल तर तसं लिहा. एम.एस.डब्ल्यू. नको असेल तर ‘संलग्न’ हा शब्द मोकळा सोडू नका.

पायवाट
यात विद्याशाखेचा अभिमान आणू नये, एवढं जोडते. मुंबईत १९१९ साली विभाग सुरू झाला तेव्हा पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस, जे मुळात जीवशास्त्र आणि नगररचनेतले. १९२४ पासून धुरा सांभाळणारे घुर्ये संस्कृतचे एम.ए. आणि केंब्रिजमध्ये मानवशास्त्राकडे वळलेले. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये इरावती कर्वे. आपल्याकडे समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांच्यात भिंत कधी पक्की नव्हतीच. सामाजिक मानवशास्त्र बाहेर ठेवण्याआधी दोनदा विचार करा.

फाईलबंद
आता पीएच.डी. २०१८ च्या विनियमांत विद्यापीठ विभागातल्या सहायक प्राध्यापकाला १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची होणार होती. ती तारीख १ जुलै २०२३ पर्यंत पुढे गेली आणि तेव्हा सक्तीच काढली. आज किमान अर्हता म्हणजे ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट (तशीच राज्य पातळीवरची परीक्षा). आयोगाच्या २००९, २०१६ किंवा त्यानंतरच्या विनियमांप्रमाणे पीएच.डी. झाली असेल तर नेट-सेटमधून सूट. जानेवारी २०२५ मध्ये नव्या विनियमांचा मसुदा आला. मसुद्याच्या आधारे जाहिरात काढायची नसते. ज्या दिवशी जाहिरात छापली जाईल त्या दिवशी अंमलात काय आहे ते पाहायचं, आणि जाहिरातीत त्या नियमांचं वर्ष लिहायचं.

बारीक अडचणी:

५५ टक्के हे कृपांक (ग्रेस मार्क) वगळून. ५४.८ चे ५५ होत नाहीत.

पाच टक्के सूट अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमी लेयरमधले इतर मागासवर्गीय आणि दिव्यांग यांना आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला आरक्षण आहे, पण ही सूट त्यांचा उल्लेख करत नाही. दर भरतीत दोन-तीन अर्ज इथे पडतात.

सेट १ जून २००२ नंतरची असेल तर ज्या राज्याची त्याच राज्यात चालते. महाराष्ट्र-गोव्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, ती इथे चालेल. कर्नाटकची सेट असलेला सीमाभागातला उमेदवार अर्ज करतो आणि बाद होतो. त्याला बिचाऱ्याला शुल्क भरल्यानंतर कळतं. जाहिरातीत एक ओळ टाकली तर वाचेल.

११ जुलै २००९ पूर्वी पीएच.डी. ला नोंदणी झालेले असतील तर पाच अटींचं प्रमाणपत्र लागतं: नियमित पद्धतीने पदवी, किमान दोन बाह्य परीक्षक, खुली मौखिक परीक्षा, प्रबंधावर आधारित दोन शोधनिबंध ज्यातला एक तरी संदर्भित नियतकालिकात, आणि दोन परिषदांत सादरीकरण. सही कुलसचिवांची किंवा अधिष्ठात्यांची. मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र चालत नाही.

साता_समुद्रापार
परदेशातून पीएच.डी. केलेल्या मराठी मुलांना नेटशिवाय अर्ज करता येतो का? इथे अमेरिकेत बरेच जण विचारतात.

फाईलबंद
येतो. क्यूएस, टाइम्स हायर एज्युकेशन किंवा शांघाय यांच्यापैकी कोणत्याही क्रमवारीत कधीही पहिल्या ५०० मध्ये असलेल्या विद्यापीठाची पीएच.डी. हा २०१८ च्या विनियमांतला वेगळा मार्ग आहे. ‘कधीही’ महत्त्वाचं. ज्या वर्षी संस्था ५०० च्या आत होती त्या वर्षाच्या क्रमवारीचं पान छापून जोडा. ते शोधण्याचं काम छाननी करणाऱ्यांवर सोडू नका, ते शोधत नाहीत. परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी आयोगाचेच २०२५ चे विनियम आहेत. प्रमाणपत्र अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी हातात हवं.

आडगाव_बुद्रुक
एवढं सगळं लिहून काय उपयोग? माणूस आधीच ठरलेला असतो. समितीला फक्त चहा प्यायला बोलावतात.

पायवाट
कुठे कुठे ठरलेला असतो, हे खरं. पण ‘ठरवणं’ हवेत होत नाही, चार ठरावीक कागदांवर होतं: जाहिरातीतला ‘इष्ट’चा रकाना, छाननीतल्या अनुभवाचं मोजमाप, तज्ज्ञांची निवड आणि मुलाखतीचा गुणतक्ता. हे चार कागद वेळेआधी आणि लेखी बंद केले तर ठरवणाऱ्याला उघड खोटं लिहावं लागतं. उघड खोटं लिहायला माणसं कचरतात, कारण खाली सही असते. धागा त्याबद्दलच आहे.

फाईलबंद
छाननीचे गुण. २०१८ च्या विनियमांत विद्यापीठ विभागांसाठी परिशिष्ट २ मधला तक्ता ३अ, महाविद्यालयांसाठी ३ब. चूक इथूनच सुरू होते, कारण छाननी करणाऱ्या कक्षातल्या संगणकात बहुतेक वेळा ३ब ची फाईल असते.

३अ असा: पदवीला ८० टक्के आणि वर १५, ६० ते ८० ला १३, ५५ ते ६० ला १०, ४५ ते ५५ ला ५. पदव्युत्तरला ८० आणि वर २५, ६० ते ८० ला २३, ५५ ते ६० ला २० (सूट असलेल्यांना ५० पासून). एम.फिल. ६० च्या वर ७, नाहीतर ५. पीएच.डी. ३०, पण एम.फिल. आणि पीएच.डी. मिळून ३० च्या वर नाही. जेआरएफसह (नेटमधूनच मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) नेट ७, नेट ५, सेट ३, मिळून ७ च्या वर नाही. शोधनिबंध प्रत्येकी २, कमाल १०. अध्यापन किंवा पीएच.डी. नंतरच्या संशोधनाच्या अनुभवाला वर्षाला २, कमाल १०. पुरस्कार कमाल ३.

आता दोन उमेदवार घ्या.

क: बी.ए. ६२ टक्के (१३), एम.ए. ५८ (२०), पीएच.डी. (३०), सेट (३), तीन निबंध (६), दोन वर्षं (४). एकूण ७६.

ख: बी.ए. ८१ (१५), एम.ए. ७२ (२३), जेआरएफ (७), पाच निबंध (१०), दीड वर्ष (३). एकूण ५८.

खची पीएच.डी. चालू आहे. पात्रतेला पीएच.डी. लागत नाही, तरी १८ गुणांचं अंतर पडलं. म्हणून ‘आवश्यक की इष्ट’ या प्रश्नाला व्यवहारात फार अर्थ उरत नाही. पदामागे दहा जणांना बोलवायचं ठरवलंत तर ख बाहेर. वीस बोलावलेत तर कदाचित आत. किती जणांना बोलवायचं हे विद्यापीठ ठरवतं, आणि ते आकडे हातात येण्याआधी ठरवायला हवं.

३ब मध्ये हेच दोघे ७९ आणि ६३. तिथे पदवीला २१-१९-१६-१०, पीएच.डी. ला २५, नेट-जेआरएफला १०-८-५, निबंधांना कमाल ६. अंतर १८ वरून १६ वर आलं. चुकीचा तक्ता लागला तर मधल्या फळीतले दोन-चार जण सहज वर-खाली होतात.

तासिका_तत्त्व
हे गुण नंतर मुलाखतीत मिळवतात का?

फाईलबंद
२०१८ च्या विनियमांप्रमाणे हे फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते, निवड मुलाखतीवर. पण काही ठिकाणी राज्याने किंवा विद्यापीठाने शैक्षणिक गुण आणि मुलाखत यांचं प्रमाण ठरवून दिलेलं असतं. तसं असेल तर ते प्रमाण जाहिरातीतच छापलेलं हवं. भरती सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेजप्रकाश पाठक प्रकरणात पुन्हा सांगितलं आहे. हातात अर्ज आले, मग प्रमाण ठरलं, हा क्रम कोर्टात टिकत नाही.

कऱ्हाकाठ
वाद कुठे होतात ते अजून बाकी आहे.

वाटाड्या
ते मी लिहितो. चार ठिकाणी.

एक, सहलेखक. दोन लेखक असतील तर प्रत्येकी ७० टक्के, जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि इतरांना ३०, हा नियम तक्ता २ चा, म्हणजे वरच्या पदांच्या संशोधन गुणांचा. ३अ मध्ये नुसतं ‘प्रत्येक शोधनिबंधाला २’ आहे. कक्षातला माणूस सवयीने तक्ता २ लावतो आणि कुणाचे १० चे ७ होतात.

दोन, नियतकालिक. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. जुने निबंध त्या त्या वेळच्या यादीवर तपासायचे, नवे समकक्ष-परीक्षण (विषयातल्या इतर अभ्यासकांकडून छपाईआधी तपासणी) झालं आहे का यावर. छाननी समितीत विषयाचा एक माणूस असेल तर फार त्रास होत नाही. एका अंकात पंच्याहत्तर निबंध, त्यात समाजशास्त्राशेजारी सेंद्रिय रसायन, स्वीकृती तीन दिवसांत, शुल्काची पावती सोबत: असा अंक हातात घेतल्यावरच कळतो. निबंधाचं फक्त पहिलं पान मागवू नका. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि पूर्ण निबंध मागवा. मराठीतला निबंध चालतो. समकक्ष-परीक्षण हवं, इंग्रजी हवी असं कुठे म्हटलेलं नाही.

तीन, बी.ए. ची टक्केवारी. काही विद्यापीठांत पूर्वी प्रथम-द्वितीय वर्ग फक्त तिसऱ्या वर्षाच्या गुणांवर निघायचा. उमेदवार टी.वाय. ची गुणपत्रिका लावतो, ६४ टक्के लिहितो. तीन वर्षांची बेरीज ५७ निघते. १३ की १०? ज्या विद्यापीठाची पदवी त्याच्या नियमाप्रमाणे धरा, आणि सगळ्यांना तेच लावा. श्रेणीगुण असतील तर रूपांतराचं सूत्र त्याच विद्यापीठाचं. सरसकट दहाने गुणू नका.

चार, अनुभव. यावर पान भरेल.

तासिका_तत्त्व
भरा. आम्हाला तेच हवं आहे.

वाटाड्या
वर्षाच्या आतला अनुभव प्रमाणात मोजायचा आहे. आठ महिने म्हणजे १.३३, शून्य नाही. पीएच.डी. करण्यात गेलेली वर्षं अनुभव म्हणून धरत नाहीत, पण रजा न घेता शिकवता शिकवता पीएच.डी. केली असेल तर ती सेवा धरतात. म्हणून अनुभवाच्या दाखल्यावर ‘या काळात अध्ययन रजा घेतलेली नाही’ ही ओळ प्राचार्यांकडून मागून घ्या.

तासिका तत्त्वाचं खरं दुखणं असं: विनियमांत पूर्वसेवा मोजण्याच्या वेगळ्या अटी आहेत. पात्रता तीच, निवड रीतसर समितीमार्फत, आणि एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी नको. तासिकेवरचं मानधन त्या पातळीला पोचत नाही. काही विद्यापीठं या अटी ३अ च्या अनुभवालाही लावतात, काही लावत नाहीत, कारण ३अ मध्ये नुसतं ‘अध्यापन अनुभव’ आहे. दोन्ही बाजूंनी मुद्दे मांडता येतात. मांडता न येणारी गोष्ट एकच, एकाला लावणं आणि दुसऱ्याला न लावणं. अर्जांचे गठ्ठे सुटण्याआधी छाननी समितीच्या इतिवृत्तात एक ठराव करा: तासिकेचा अनुभव धरणार की नाही, धरणार तर कोणत्या कागदावर. नेमणूक आदेश, विद्यापीठाची मान्यता आणि वेतन जमा झाल्याचा बँकेचा उतारा. नुसत्या दाखल्यावर विसंबू नये. एकाच काळात दोन महाविद्यालयांचे दाखले येतात, आणि कधी कधी दोन्ही खरे असतात. महिने दोनदा मोजायचे नाहीत.

फाईलबंद
गुणतक्ता संकेतस्थळावर टाका, हरकतींना किमान सात दिवस द्या. हरकत मान्य किंवा अमान्य, कारण एका ओळीत. हा आठवडा वाचवायला गेलात तर पुढे सहा महिने खर्ची पडतात.

साता_समुद्रापार
तुलनेसाठी: अमेरिकेत समाजशास्त्राच्या सहायक प्राध्यापकाच्या जाहिराती साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. अर्जात संशोधनाचं आणि अध्यापनाचं निवेदन, लेखनाचा नमुना, तीन शिफारसपत्रं. दहा-बारा जणांशी आधी व्हिडिओवर बोलतात, मग तिघांना दोन दिवस विभागात बोलावतात. पाऊण तासाचं संशोधन व्याख्यान सगळ्या विभागासमोर होतं, विद्यार्थ्यांसोबत जेवणही. गुणतक्ता नसतो, विभाग मत देतो. तिथे पक्षपात होत नाही असं नाही. पण उमेदवार काय करतो हे दहा शिक्षकांनी ऐकलेलं असतं.

पायवाट
त्यातलं व्याख्यान आपल्यालाही उचलता येतं. मुलाखतीच्या टप्प्यावर वर्गातलं व्याख्यान किंवा परिसंवाद घेऊन अध्यापन आणि संशोधनाची क्षमता तपासायला २०१८ चे विनियम परवानगी देतात. बहुतेक विद्यापीठं ते वापरत नाहीत, किंवा उमेदवाराला ‘कोणताही विषय घ्या’ म्हणतात. मग जो तो आपल्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण म्हणून दाखवतो.

विषय विभागाने द्यावा. तीन चिठ्ठ्या, त्यातली एक उचलायची, अर्धा तास तयारी, पंधरा मिनिटं व्याख्यान, समोर एम.ए. चे आठ-दहा विद्यार्थी. उदाहरणार्थ ‘प्रभावी जात’. श्रीनिवासांनी म्हैसूरकडच्या रामपुराच्या अभ्यासातून मांडलेली संकल्पना. संख्याबळ, जमिनीची मालकी, कर्मकांडातलं स्थान फार खालचं नसणं, पुढे शिक्षण आणि नोकऱ्या, ही यादी सगळेच फळ्यावर लिहितील. मग एका विद्यार्थ्याने विचारायचं: जमीन एका जातीकडे आहे, पण सरपंचपद आरक्षित आहे आणि त्यावर दुसऱ्या जातीची बाई बसली आहे, तर गावात प्रभावी कोण? २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत, त्यामुळे हा प्रश्न काल्पनिक नाही. उमेदवार यादीकडे परत वळला तर समजायचं, त्याच्याकडे नोट्स आहेत. त्याने उलट विचारलं की सोसायटीचं कर्ज कुणाच्या सहीने मिळतं, मजुरीचा दर कोण ठरवतो, बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसतं, तर माणूस शिकवू शकतो.

संशोधनपद्धतीसाठी एकच प्रश्न पुरतो, फक्त तो शेवटपर्यंत न्यायचा. ‘बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात ३०० कुटुंबांचं सर्वेक्षण करायचं आहे. कुटुंबांची यादी कुठून आणणार?’

पहिलं उत्तर येतं जनगणना. शेवटची जनगणना २०११ ची. गावनिहाय लोकसंख्येसाठी ठीक, कुटुंबांच्या यादीसाठी निरुपयोगी. दुसरं उत्तर मतदारयादी. तिच्यात लग्न करून गेलेल्या मुली राहतात आणि नवी कुटुंबं नसतात. बरं उत्तर असं: लोकसंख्येच्या प्रमाणात १५ गावं निवडायची, प्रत्येक गावात स्वतः घरयादी करायची, गावागणिक २० कुटुंबं घ्यायची. गावात १८० कुटुंबं निघाली तर अंतर ९. एक ते नऊमधून एक आकडा यादृच्छिक उचलायचा, समजा ४ आला, तर ४, १३, २२ असं पुढे.

इथे थांबू नका. विचारा, हे कधी करणार? दिवाळीनंतर केलं तर ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांना कुलपं. मार्च-एप्रिलपर्यंत ती उघडत नाहीत. ‘कुलूप असेल तर शेजारचं घर घेऊ’ असं उत्तर आलं की तिथेच खूण करा. शेजारचं घर म्हणजे जे ऊसतोडीला जात नाहीत त्यांचं घर, आणि अभ्यासातून नेमके स्थलांतरित बाहेर पडले. चांगला उमेदवार म्हणतो पावसाळ्यात करू, किंवा कुलपाची घरं यादीत ठेवून नोंदवू, किंवा कारखान्यावरच्या कोप्यांपर्यंत (तोडमजुरांच्या झोपड्यांपर्यंत) जाऊ. सांख्यिकीचं सॉफ्टवेअर कोणतं येतं हे विचारण्यापेक्षा यातून जास्त कळतं.

कऱ्हाकाठ
हे सोन्यासारखं आहे. आणि भाषा? आमच्याकडचे बहुतेक विद्यार्थी उत्तरपत्रिका मराठीत लिहितात.

पायवाट
मग अर्धं व्याख्यान मराठीत घ्या आणि ते जाहिरातीतच सांगा. इथे दोन टोकं दिसतात. एक, मराठी वाक्यात फक्त क्रियापद मराठी. दुसरं, पाठ केलेल्या प्रतिशब्दांची भिंत: स्तरीकरण, अभिकर्तृत्व, परात्मता. उमेदवाराला सांगा, ‘परात्मता’ (कामगाराला स्वतःचंच काम परकं होणं) हा शब्द न वापरता परात्मता समजावा. इचलकरंजीच्या यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा, कापडाचा भाव माहीत नसलेला, माग कधी बंद करायचा हे न ठरवणारा कामगार ज्याने उभा केला, त्याने मार्क्स वाचलेला आहे. शब्द नंतर देता येतो.

वाटाड्या
समितीबद्दल कुणी लिहिलं नाही. आयोगाच्या रचनेत कुलगुरू किंवा त्यांनी नेमलेले अनुभवी प्राध्यापक अध्यक्ष, कुलपतींचे प्रतिनिधी, अधिष्ठाता, विभागप्रमुख आणि विषयाचे तीन बाहेरचे तज्ज्ञ. उमेदवारांत मागासवर्गीय, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग असतील आणि समितीत त्या गटातलं कुणी नसेल, तर तसा एक सदस्य. गणपूर्ती चारची, त्यात दोन बाहेरचे तज्ज्ञ. राज्य विद्यापीठ असल्याने २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमातलं समितीचं कलमही शेजारी ठेवून नावं जुळवा. दोन्हींत तफावत दिसली तर विधी अधिकाऱ्याचं लेखी मत आधी घ्या.

मुलाखतीच्या सकाळी एक तज्ज्ञ येत नाही, हे नेहमीचं. दोघांवर दिवस काढता येतो, एकावर नाही. म्हणून तिघांनाही आदल्या रात्री मुक्कामाला बोलवा. आणि तज्ज्ञ कुणा उमेदवाराचा पीएच.डी. मार्गदर्शक असेल, किंवा सहलेखक, तर त्याने त्या उमेदवारापुरतं उठून जाणं पुरेसं नाही. यादीतले बाकीचे सगळे त्याच उमेदवाराचे स्पर्धक असतात. आधी लेखी घोषणापत्र घ्या आणि दुसरा तज्ज्ञ बोलवा.

फाईलबंद
प्रत्येक सदस्याची गुणपत्रिका वेगळी, शाईने. खाडाखोडीवर सही. निवड त्याच दिवशी पूर्ण करून गुणतक्त्यासह इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या, हे विनियमांतच आहे. ‘उद्या टंकलेखन करून पाठवतो, सही करून द्या’ हे अजिबात नको. प्रतीक्षायादी गुणानुक्रमे त्याच कागदावर. ती नंतर वाढवता येत नाही.

तासिका_तत्त्व
निवड झाल्यावर?

फाईलबंद
वेतनस्तर १०, मूळ वेतन ५७,७०० पासून. रुजू होताना अडतं ते तीन कागदांवर: जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयरची मुदत आणि आधीच्या संस्थेचं कार्यमुक्ती पत्र. अर्ज करताना ना हरकत न घेतलेला माणूस इथे दोन-दोन महिने अडकतो, आणि मधे सत्र सुरू होतं. परिवीक्षा (प्रोबेशन) आयोगाच्या विनियमांत एक वर्षाची, काम समाधानकारक नसेल तर आणखी एकच वर्ष. पहिल्याच सत्रात त्याच्यावर सोळाच्या सोळा तास नवे विषय टाकू नका. संशोधनपद्धती आणि आणखी दोन पुरे. बाकी प्रकल्प मार्गदर्शन द्या. पीएच.डी. झालेली असेल आणि समकक्ष-परीक्षित तीन निबंध असतील तर पीएच.डी. मार्गदर्शकाची मान्यताही मागता येते, एका वेळी चार विद्यार्थ्यांपर्यंत. तो अर्ज लगेच टाका.

कऱ्हाकाठ
सगळ्यांचे आभार. मसुदा असा केलाय, बघा:

‘आवश्यक: समाजशास्त्र किंवा सामाजिक मानवशास्त्र विषयात किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी, आणि समाजशास्त्र विषयात नेट किंवा महाराष्ट्र-गोवा सेट, अथवा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनुसार पीएच.डी. इष्ट: परिमाणात्मक संशोधनपद्धतीचे अध्यापन, मराठी व इंग्रजी दोन्ही माध्यमांतून शिकवण्याची क्षमता. मुलाखतीच्या दिवशी विभागाने दिलेल्या विषयावर पंधरा मिनिटांचे व्याख्यान द्यावे लागेल.’

वाटाड्या
‘समाजशास्त्र विषयात नेट’ म्हटलंत की सामाजिक मानवशास्त्राचं एम.ए. आणि नेट मानवशास्त्रात असलेला बाहेर. तुम्ही एका हाताने दार उघडलंत आणि दुसऱ्याने लावलंत. हवं ते ठरवा.

फाईलबंद
आणि दोन गोष्टी. सूट कुणाला ते लिहा, आणि ‘अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम तारखेपर्यंत’ हे शब्द घाला. मौखिक परीक्षा झाली आहे पण विद्यापीठाची अधिसूचना निघालेली नाही असे दोघे-तिघे प्रत्येक भरतीत असतात, आणि त्यांच्या ३० गुणांवरून सगळी यादी उलटी होते. पीएच.डी. ची तारीख म्हणजे अधिसूचनेची तारीख, हेही त्याच ओळीत टाका.

कऱ्हाकाठ
बदललं. ‘पदव्युत्तर पदवीच्या विषयात किंवा समाजशास्त्रात नेट अथवा महाराष्ट्र-गोवा सेट’ असं केलं. तारखेची ओळ घातली, सूटही. अभ्यास मंडळाची बैठक गुरुवारी आहे, ठराव तिथे ठेवते.